कोरे अंगठे

मशीनने मथुराचा अंगठा तिसऱ्यांदा नाकारला, तेव्हा तिला खरी भीती वाटली. पहिल्या दोन वेळी नुसता राग आला होता. काय मेलं ते मशीन! काडेपेटीएवढं त्याचं आकारमान, पोटात हिरवा दिवा, आणि अडतीस वर्षं काजू फोडलेल्या बाईला तोंड वर करून सांगतंय की तू नाहीसच.

"मावशी, बोट पुसा आणि परत ठेवा," मशीनवर बसलेली श्रिया म्हणाली. ती कामगार खात्याकडून आलेली, शहाण्या चेहऱ्याची मुलगी. सकाळपासून दोनशे वेळा हेच वाक्य बोलून तिचा घसा बसला होता.

मथुराने पदराला अंगठा पुसला, मनातल्या मनात धामापूरच्या भगवतीला हाक मारली आणि परत ठेवला. दिवा लाल.

"शिरा पडो त्या मशीनीर!" मागून शेवंती ओरडली. शेवंती मथुराच्या बाजूच्या गोणपाटावर बसणारी. तिचा आवाज कारखान्याच्या भोंग्यापेक्षा मोठा, आणि तो खाली कसा आणायचा हे तिला देवानेही शिकवलं नव्हतं. "माझोय घेना नाय, हिचोय घेना नाय. मगे घेता कोणाचो?"

कोणाचा घेत होतं ते सगळ्यांना दिसत होतं. सभागृहाच्या खिडकीपाशी भाई मुकादम उभा होता, आणि त्याने कारखान्याच्या टेम्पोतून आणलेल्या अठरा बायका पंख्याखाली खुर्च्यांवर बसल्या होत्या. एकेकीने अंगठा ठेवला होता आणि एकेकीचा हिरवा दिवा टचकन लागला होता. कोणी शेठच्या चुलत घराण्यातली, कोणी त्याच्या दुकानात काजूची पाकिटं विकणारी, तर कोणी त्याच्याच वाडीतली शेजारीण. काजू त्या सगळ्यांनी पाहिला होता, तो खिरीत.

आता हे सगळं कशासाठी चाललं होतं ते सांगायला हवं. जिल्ह्यातल्या काजू कारखान्यांतल्या बायकांची सरकारी यादी पहिल्यांदाच होत होती. यादीत नाव लागलं की कार्ड, कार्डावर दवाखाना आणि साठीच्या आधी हात निकामी झाले तर पेन्शन. शिवाय यादीतल्या बायकांमधूनच कारखान्याची समिती निवडायची होती. ती समिती तेल मागणार, हातमोजे मागणार, उजेड मागणार. शेठला समितीवर खिरीतल्या बायका हव्या होत्या, म्हणून हा टेम्पो. मालवणातल्या या सभागृहात आज एकच दिवस नोंदणी होती आणि पाच वाजता यादी बंद व्हायची होती.

मथुराला समितीचं फारसं नव्हतं. तिला कार्ड हवं होतं. भाजलेला काजू फोडला की टरफलातून काळं तेल उडतं आणि ते कातडी खातं. अडतीस वर्षं त्याने मथुराचा उजवा हात थोडा थोडा खाल्ला होता. आता पंजा मिटला की भेगांतून रक्त यायचं. डॉक्टरने बजावलं होतं, "काम सोडा, नाहीतर हात जाईल." काम सोडून खायचं काय, हे काही त्या डॉक्टरने सांगितलं नव्हतं. कार्ड झालं तर ती उद्यापासून गोणपाटावर बसणार नव्हती. नाही झालं, तर सोमवारी सात वाजता होतीच परत.

आणि एक गोष्ट मथुराच्या मनाला खात होती. काजूवाल्या बायकांचे हात काळे असतात. मैलावरून ओळखू येतात. पण सरकारी माणसांसमोर तसले हात घेऊन कसं जायचं, म्हणून आठवडाभर सगळ्याजणींनी चिंच, लिंबू आणि समुद्राची वाळू घेऊन हात घासले होते. रात्री मुठेल चोळलं होतं. कोकमाच्या बियांचं ते तूप लावून हात असे मऊ केले होते की लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते. ही अक्कल मथुराचीच. तिनेच वाडीवाडीत फिरून सांगितलं होतं, "गो बायांनू, हात बरे करून येवा, नायतर मशीन घाबारतला."

झालं काय, तर काळेपणा गेला आणि पुरावाही गेला.

तेवढ्यात भाई मुकादम खाकरला आणि टेबलाकडे आला. ऑफिसात बोलायचं म्हणून त्याने आपली मालवणी दारातच काढून ठेवली होती. "मॅडम, माझं एवढंच म्हणणं आहे. आमच्या हजेरीपटावर या अठराच बायका आहेत. यांचे अंगठेही लागले. बाकीच्या तेवीसजणी कधीमधी हौसेने येऊन बसत असतील. आम्ही माणुसकीने नाही म्हणत नाही. पण कामगार म्हणाल तर... त्यांचे हात बघा. काजू फोडणाऱ्या बाईचे हात असे असतात का?"

आवशीक खाव! मथुराला धरणी दुभंगावी असं झालं. तेवीसजणींनी एकदम आपापले हात पदराआड घेतले.

टेबलामागे बसलेल्या बाईने मात्र भाईकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मथुराकडे पाहत होती.

तिचं नाव सुभद्रा गावडे. जिल्ह्याची कामगार अधिकारी, त्या खुर्चीत बसलेली पहिली बाई. आज तिच्या नोकरीचा शेवटचा दिवस होता. समोर तिचं सेवापुस्तक पडलं होतं, कडा झिजलेलं, तपकिरी पुठ्ठ्याचं. संध्याकाळी ओरोसच्या कचेरीत ते जमा करून ती मोकळी होणार होती.

कारखानदार तिला 'मुतारी मॅडम' म्हणत. तोंडावर नाही अर्थात, तेवढी छाती कोणाची? झालं होतं असं, की नवी नवी रुजू झाली तेव्हा ती एसटीने तपासणीला जायची, कारण कचेरीची जीप नेहमी गॅरेजात. कारखान्यात गेली की मालक खुर्ची द्यायचे, सरबत द्यायचे, वर काजूची पिशवी पुढे करायचे. ती पिशवीला हात लावायची नाही. एकच विचारायची, "बायकांची मुतारी कुठे आहे? मला जायचंय." मालकाचा चेहरा पडायचा. मग ती म्हणायची, "नाही ना? मग मी बसते इथेच. मला काही घाई नाही." आणि खरोखर बसायची, चार चार तास. एकोणीस कारखान्यांत तिने अशा मुताऱ्या बांधून घेतल्या. बायका दिवसभर पाण्याचा घोट न घेता काम करायच्या, त्या पाणी प्यायला लागल्या. ज्या बाईने हे करून घेतलं, तिला कोण काय म्हणतं याची कशाला फिकीर?

पण मथुराला ती त्याच्याही आधीपासून ठाऊक होती. पाच वर्षं दोघी एकाच गोणपाटावर बसल्या होत्या. सुभद्रा काजू फोडता फोडता टरफलं गुंडाळायच्या जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडे वाचायची आणि मथुराला खुदुखुदु हसवायची. मग ती कसलीशी परीक्षा देऊन गेली ती गेलीच. त्यानंतर ती कारखान्यात आली ती मॅडम होऊन. मथुरा कधी पुढे झाली नाही. मॅडमला काय म्हणायचं, 'माका वळाखलंस?' आणि तिने नाही वळाखलं तर? त्यापेक्षा लांबूनच अभिमान बरा, असा तिचा हिशेब.

"भाईसाहेब," सुभद्रा म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. पुरावा पाहिजे. श्रिया, नियम चार वाच."

श्रियाने वाचलं. "अर्जदाराच्या अंगठ्याचा ठसा, किंवा नोंदणी अधिकाऱ्याची खात्री पटेल असा अन्य पुरावा."

"हे 'किंवा' घालून घ्यायला मला तीन वर्षं मुंबईला खेटे घालावे लागले," सुभद्रा म्हणाली. "आज उपयोगाला येऊ दे. तुमच्या टेम्पोत भाजलेल्या काजूची पोती आहेत ना? एक आणा."

भाईचं तोंड उघडं ते उघडंच. "पोतं? इथे?"

"इथेच. आणि दोन दांडकी."

मग तिने समोरच्या चहावालीकडून चुलीतली राख मागवली, आणि वाटीभर खोबरेल. टेबलावरचे कागद बाजूला झाले. खाली सतरंजी आली, तिच्यावर काजूची टोपली, लाकडी दांडकी, राखेचं ताट आणि तेलाची वाटी. ताट आणि वाटी तिने टोपलीला चिकटून नाही ठेवली, हातभर लांब ठेवली, आणि त्यांच्याबद्दल एक शब्दही बोलली नाही.

"प्रत्येकीने पाच काजू फोडायचे," ती म्हणाली. "घाई नाही. जपून. ज्यांचे अंगठे लागले त्यांनी आधी यायचं."

पंख्याखालच्या खुर्च्यांमध्ये चुळबुळ सुरू झाली. एकमेकींना कोपरं मारून झाली. शेवटी त्यांनी सलोनीला पुढे केलं. शेठच्या दुकानात पाकिटं विकणारी, वीस-बावीस वर्षांची मुलगी. दुकानाची नोकरी टिकवायची म्हणून आलेली, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. ती सतरंजीवर बसली, टोपलीतली एक बी उचलली आणि दांडकं उगारलं.

मथुरा पाहत होती. तिने मुलीची उघडी, गोरी बोटं पाहिली. आणि ती सगळं विसरली. कार्ड विसरली, भाई विसरला, ही मुलगी आपली जागा घ्यायला आली आहे हेही विसरली.

"गो चेडवा, आधी राख!"

पण दांडकं पडलं होतं. टरफल फुटलं, काळ्या तेलाची चिळकांडी मुलीच्या मनगटावर उडाली आणि ती "आई गं!" करून किंचाळली. सुभद्रा खुर्चीतून उठेपर्यंत मथुरा सतरंजीवर पोचली होती. मुलीचा हात तिने मांडीवर ओढला, पदराने तेल टिपलं, राखेची मूठ दाबली, मग खोबरेल आणि मग परत राख. सगळं इतक्या पटापट की बघणाऱ्याला कळू नये. "चोळू नको, चोळलंस काय पसारता. पाण्यात हात घालू नको. वायच जळजळतला, मगे थांबता. रडतस कित्याक? माका पयल्या दिवशी तोंडार उडललो, ह्यो बघ डाग."

"मथुरा, तू खुळी की काय गो!" शेवंतीचा भोंगा वाजला. "ती आमची नावां खाऊक इली हा, आणि तू तिका शिकवतस?"

मथुरा भानावर आली. खरंच की. हे काय करून बसलो आपण? परीक्षा होती ती, आणि तिने स्वतःच्या तोंडाने उत्तर सांगून टाकलं होतं. आता पुढच्या सतराजणी राखेत हात बुडवून बसतील आणि काय फरक उरणार? आधी हात धुऊन घालवले, आता हेही. तिचे डोळे भरून आले. ती मुलीचा हात सोडून उठायला लागली.

"उठू नको," सुभद्रा म्हणाली. "आता तुझे पाच फोड."

मथुरा बसली. तिने बोटं तेलात बुडवली, मग राखेत, आणि काजू घेतला. दांडक्याचा एक ठोका, बोटाचा एक झटका, आणि अख्खा गर तळहातावर आला, पांढरा, कुठे टवका न उडालेला. श्रियाला नाक पुसायला लागला असता तेवढाही वेळ पाच काजूंना लागला नाही. चार गर मथुराने टोपलीच्या झाकणावर ठेवले. पहिला मात्र उचलून सतरंजीच्या उजव्या कोपऱ्यावर वेगळा ठेवला. कारखान्यात दिवसाचा पहिला अख्खा गर भगवतीचा असतो. तो गोणपाटाच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवायचा आणि जाताना कोणीतरी ते सगळे गर गोळा करून देवळात न्यायचे. हे मथुराच्या ध्यानातसुद्धा आलं नाही, हातानेच ठेवला.

सुभद्राने तो गर पाहिला.

"भाईसाहेब," मग ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढला होता, "तुमच्या कारखान्यात पहिला गर कुठे ठेवतात?"

भाईला काय ठाऊक? तो बायकांच्या शेडमध्ये कधी पंधरा मिनिटंही थांबला नव्हता. त्याने त्याच्या बायकांकडे पाहिलं. त्या जमिनीकडे पाहत होत्या.

"या अठराजणींना विचारा. नाही? मग त्या तेवीसजणींना विचारू?"

"उजव्या कोपऱ्यार!" तेवीसही बायका एका सुरात ओरडल्या. शेवंती एकटीच असती तरी पुरलं असतं.

"आणि हातांबद्दल विचारत होता ना तुम्ही?" सुभद्रा म्हणाली. "सकाळपासून मी बघतेय. ज्या बाईने कधी काजू फोडला नाही, तिचा अंगठा लख्ख उमटतो. जिने जन्मभर फोडला, तिच्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नाहीत, मग मशीन घेणार काय? अहो, तुमच्याच कारखान्याने पुसल्या त्या. यापेक्षा मोठा पुरावा मला नको. आणि खरं सांगू? मला तोही नको होता. स्वतःचं नाव जात असताना जी बाई परक्या पोरीला 'आधी राख' म्हणून ओरडते, ती काजूची कामगार नसेल तर कोण आहे? श्रिया, लिही. अधिकाऱ्याची खात्री पटली. तेवीसच्या तेवीस नावं घे. आणि हजेरीपट खोटा ठेवल्याची नोटीस मी आजच सही करून जाणार आहे. तेवढी शाई आहे अजून माझ्या पेनात."

सभागृहात जो काही कालवा झाला तो बाजारापर्यंत ऐकू गेला असणार. शेवंती तर रडत होती आणि रडतानाही शिव्या देत होती. पंख्याखालच्या बायका अर्ज न भरताच एकेक करून जिना उतरल्या. त्यांना कोणी अडवलं नाही, हाकललंही नाही. सलोनी मात्र दारात थांबली, मागे फिरली आणि मथुराच्या पाया पडली. मथुराने तिला मुठेलाची डबी दिली. "दोन येळा लाव गो," तिने बजावलं.

एकेक अर्ज भरला जाऊ लागला. मथुराची पाळी आली. श्रियाने विचारलं, "व्यवसाय?" आणि सवयीने मथुराच्या तोंडून निघालं, "घरकाम." मतदानाच्या कार्डावर, रेशनच्या कार्डावर, दवाखान्याच्या केसपेपरवर, सगळीकडे अडतीस वर्षं तेच लिहिलेलं होतं.

"घरकाम नाही," सुभद्रा म्हणाली. "काजू कामगार. असं म्हण."

"काजू कामगार," मथुरा म्हणाली. तोंडात नवीनच वाटलं ते. तिने परत म्हणून बघितलं.

मशीन घेत नव्हतं, म्हणून शेवटी निळ्या शाईचा पॅड आला. मथुराने अंगठा बुडवून कागदावर टेकवला आणि उचलला. मागे राहिला नुसता निळा, गुळगुळीत डाग. एक रेष नाही. तिला लाज वाटली. एवढं सगळं मॅडमने केलं, आणि आपण त्यांच्या कागदावर काय उमटवलं, तर डाग.

"माफ करा मॅडम," ती पुटपुटली. "एवढाच येता."

सुभद्राने पेन खाली ठेवलं. श्रिया पुढच्या अर्जाकडे वळली होती. सुभद्राने समोरचं तपकिरी सेवापुस्तक ओढलं, पहिलं पान उघडलं आणि मथुराच्या पुढे सरकवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती मालवणीत बोलली.

"मॅडम कोणाक म्हणतस गो? हडे बघ. नोकरीक लागलंय तेव्हा माझी बोटां घेतलेली."

मथुराने वाकून पाहिलं. पिवळ्या पडलेल्या कागदावर ओळीने पाच डाग होते, जुन्या निळ्या शाईचे. गुळगुळीत, एक रेष नसलेले. खाली त्या वेळच्या साहेबाने शेरा मारला होता, 'ठसे अस्पष्ट.'

"साहेब माका म्हणालो, तुझी बोटां खंय गेली? मी सांगितलंय, धामापूरच्या रस्त्यार गोणपाटार ठेवन इलंय." सुभद्रा हसली, पण डोळे पुसत हसली. "तुका काय वाटला, मी तुका वळखूक नाय? दर तपासणीक बघतय होतंय मी, तू खंय बसलंस ती. तू वर बघायचसच नाय."



सुभद्राने आणखी पानं उलटली. पाच वर्षांनंतरची नोंद होती. परत पाच बोटं. आणि या वेळी त्यांच्यावर रेषा होत्या. बारीक, फिक्या, एकीला एक लागून गोल फिरणाऱ्या. अंगठ्यावर तर भोवरा स्पष्ट दिसत होता.

"माझ्यो रेषा परत इल्यो गो मथुरा," ती म्हणाली. "हात कामातसून काढलंय आणि त्यो परत इल्यो. तुझ्योय येतल्यो."

मथुराने त्या पानावरून बोट फिरवलं, मग आपला निळा अंगठा डोळ्यांजवळ धरला. "तुका पाच वर्षां लागली," ती म्हणाली. "तू पाचच वर्षां फोडलंस. माझी अडतीस झाली. म्हणजे माका अजून खूप जगाक व्हया."

"व्हया तर!" सुभद्रा म्हणाली आणि तिच्या अर्जावर सही केली. "कार्ड मगे कित्याक केलंय?"